बांधावरची रानमेथी राहू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शेती पानावर गेल्या आठवड्यात रब्बीतल्या तणांवर लेख आला होता. हरळी, लव्हाळा, चांदवेल यांच्या रांगेत रानमेथीलाही बसवलं होतं आणि शेवटी सल्ला होता की पेरणीआधीच बांध आणि पाटचारीच्या कडा तणनाशक मारून साफ करून घ्याव्यात. हरळी-लव्हाळ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांनी माझी कंबर मोडली आहे. रानमेथीबद्दल मात्र आहे, आणि कांद्याच्या बियासाठी डोंगळे लावायची वेळ तोंडावर आली असताना ते सांगितलं नाही तर मला चैन पडणार नाही.

मी भडगाव तालुक्यातली. गिरणेच्या पाटाखाली आमची साडेचार एकर जमीन. थोडा कापूस, घरापुरता गहू, लिंबाची चाळीस झाडं आणि दीड एकर कांद्याचं बी, म्हणजे डोंगळे. लग्न होऊन आले त्याला छत्तीस वर्षं झाली आणि तितकीच वर्षं मी गव्हातली रानमेथी निंदते आहे. शेतीच्या पुस्तकात ती कशी दिसते हे ज्यांना शोधावं लागतं त्यांच्यासाठी सांगते. भाजीच्या मेथीसारखीच तीन-तीन पानं, फक्त पान जरा लांबट आणि कडेला बारीक दाते. पौषात पानाच्या बेचक्यातून नाजूक तुरा निघतो. त्यावर मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी पिवळी फुलं. पांढऱ्या फुलांची दुसरी जात उंच वाढते, चांगली कमरेच्या वर जाते. काही जण हिला वनमेथी म्हणतात, हिंदी मुलखात सेंजी म्हणतात आणि तिकडे तिचा चारा म्हणून पेरा करतात.

हिरवी असताना तिला फारसा वास नसतो. उपटून दोन दिवस सावलीत टाका, मग बघा. नव्या गवताच्या गंजीत तोंड खुपसल्यावर येतो तसा गोड वास सगळ्या पडवीत भरतो. माझी सासू वाळलेल्या काड्यांची जुडी गोधड्यांच्या घडीत ठेवायची. थंडीत पेटी उघडली की तो वास अंगावर यायचा. सासू जाऊन अकरा वर्षं झाली, पण जुडी ठेवायचं मी सोडलेलं नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. सहा वर्षांपूर्वी आमचे डोंगळे फसले. दांडे छातीएवढे, फुलांचे गोंडे लाडवासारखे भरलेले, पाहणारा म्हणेल की यंदा या बाईचं कर्ज फिटलं. फाल्गुनाच्या शेवटी गोंडा तोडून तळहातावर चोळला तर हातात निव्वळ फोल. काळं बी दहात एखाद्या बोंडात. मी गोंड्यामागून गोंडा चोळत गेले, सबंध सरीत तोच प्रकार. त्या वर्षी पाखडून जे बी निघालं, ते एका गोणीच्या बुडाशी बसलं. दुकानदाराने बियाणं खराब म्हटलं, कुणी पाणी जास्त झालं म्हटलं, कुणी थंडी म्हटलं. धाकटी लेक तेव्हा कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने मला दुपारी अकरा वाजता शेतात उभं केलं आणि विचारलं, "आई, ऐकू काय येतं?" काहीच येत नव्हतं. फुलांनी भरलेलं दीड एकर रान आणि गुणगुण नाही.

तिने मग समजावलं. कांद्याच्या एकेका बारीक फुलात पराग आधी झडतो आणि बी धरणारी मादी बाजू नंतर तयार होते. म्हणून फूल आपल्याच परागावर फळत नाही. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कुणीतरी न्यायला लागतो, आणि वाऱ्याला ते नीट जमत नाही. ते काम मधमाशीचं. वर आणखी एक अडचण अशी की कांद्याच्या फुलातल्या रसात पोटॅशियम जास्त असतं, त्यामुळे माशीला तो रस फारसा आवडत नाही. शिवारात माशा मुबलक असतील तरच काही कांद्यावर येतात. आमच्या शिवारात मुळात माशाच उरल्या नव्हत्या.

खान्देशात आपण माशीचा विचार करत नाही, याचं एक कारण मला असं वाटतं की आपलं मन केळीवर घडलेलं आहे. केळीला बी धरायचं नसतं, माशी आली काय आणि न आली काय, घड पडतोच. कापूसही बराचसा आपल्याच परागावर भागवतो. पण डोंगळे, तापीकाठची टरबुजं-खरबुजं, कारली, गिलकी, सूर्यफूल, करडई, लिंबू, यांच्याकडे कुणी पाहायचं? टरबुजाला माशी कमी पडली की फळ एका अंगाने पोचट आणि वाकडं राहतं. व्यापारी ते बाजूला काढतो आणि आपण खताच्या नावाने बोटं मोडतो.

पुढच्या वर्षी मी मजूर बायका लावून हातावर मलमलचं कापड गुंडाळून गोंड्यांवरून फिरवलं. बी धरलं, पण मजुरीने कंबरडं मोडलं. त्याच माघात माझं लक्ष एका कोपऱ्याकडे गेलं. पाटचारीला लागून आमची दहा गुंठे जमीन चोपण आहे. पाट पाझरतो, वर पांढरी खार फुटते, गहू टाकला तर पिवळा पडून बसतो. तिथे काही पेरायचं मी सोडून दिलं होतं, आणि तिथे रानमेथी आपोआप उगवून गुडघ्याला लागली होती. त्यातून आवाज येत होता! जवळ जाऊन बसले. पिवळ्या तुऱ्यांवर बारक्या फुलोरी माशा, त्या बोटाच्या पेराएवढ्याही नसतात. मध्ये मध्ये वाढलेल्या पांढऱ्यावर सातेरी आणि काळपट मोठी आग्या. एक माशी मी नजरेने धरून ठेवली. एका तुऱ्यावर ती खालून वर चढत जायची, एकेक फूल दाबून उघडायची, वर टोकाला पोचली की शेजारच्या तुऱ्याच्या पुन्हा खालच्या फुलावर. घाई नव्हती आणि एक फूलही सुटत नव्हतं. तिथून डोंगळ्यांचा पहिला वाफा पन्नास पावलांवर होता.

लेकीने सांगितलं की हिचं शास्त्रीय नाव मेलिलोटस, आणि त्यातल्या मेली या ग्रीक शब्दाचा अर्थच मध. नाव ठेवणाऱ्याने तणाचा विचार केला नव्हता, माशीचा केला होता.

त्या वैशाखात मी रानमेथीचं बी गोळा केलं आणि दसरा झाल्यावर बांधांवर आणि डोंगळ्यांच्या दोन बाजूंनी पट्टे पेरले. शेजारचा भाऊ पाटावर उभा राहून म्हणाला, "काकू, तन पेरी ऱ्हायनात का तुम्ही?" मी म्हटलं, हो. निम्म्याहून जास्त बी उगवलंच नाही. तेही शिकावं लागलं. हिच्या बियाचं कवच इतकं कडक असतं की पाणी आत शिरत नाही, जमिनीत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. आता मी ते जाड वाळूत घालून पाट्यावर हलक्या हाताने रगडते. बियाची चकाकी गेली, वर ओरखडे आले की पुरे. मग रात्रभर भिजवून पेरते. आठवड्यात रान हिरवं होतं.

एक जाणता माणूस मला म्हणाला होता की कांद्याशेजारी याहून गोड फूल लावलंस तर माशा तिकडेच रमतील, कांद्यावर येणार नाहीत. तो खोटं बोलत नव्हता. पहिल्या वर्षी मी दोन्ही एकदम फुलू दिलं आणि पट्ट्यालगतच्या सरीत बी कमीच धरलं. आता मी अशी वेळ साधते: रानमेथी पौषातच फुलते, डोंगळ्यांचे गोंडे माघात उघडायला लागतात. मधल्या महिन्यात शिवारात माशीला खायला फारसं काही नसतं. तो महिना रानमेथी सांभाळते. फुलोरीची पोळी बांधावरच्या बोरीला लागतात, सातेरी आसपास टिकते. साधारण तीनातला एक गोंडा उघडला की मी डोंगळ्यांच्या कडेचे पट्टे दोन दिवसांत कापून टाकते. सवय लागलेल्या माशांना समोर कांदाच उरतो. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला गोंड्यांवर जी गुणगुण सुरू होते ती ऐकायला मी मुद्दाम भाकरी घेऊन शेतातच थांबते. गेली तीन वर्षं मला हातावर कापड गुंडाळावं लागलेलं नाही. मधमाशांच्या पेट्याही भाड्याने आणलेल्या नाहीत. गोंडा चोळला की काळं टपोरं बी तळहातावर खडखडतं.

फुलोऱ्यात असताना मी डोंगळ्यांवर सकाळी औषध मारत नाही. फुलकिड्यांसाठी मारायचंच झालं तर दिवस मावळताना, माशा परतल्यावर. हे न पाळणाऱ्याने रानमेथी लावूही नये. माशीला बोलावून विष पाजल्यासारखं होईल.

जमिनीचं सांगते. चोपण तुकड्यातली दोन झाडं मी फावड्याने हळूच काढून बादलीत धुतली. सोटमूळ सरळ खाली गेलेलं, माझ्या हाताच्या वितीपेक्षा लांब, आणि खाली तुटलं ते वेगळंच. बारीक मुळांवर ज्वारीच्या दाण्याहून लहान, लांबट गाठी. एक गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी, दाढेच्या हिरडीसारखी. गुलाबी म्हणजे गाठ कामावर आहे, हवेतला नत्र धरते आहे. पांढरी किंवा मातकट असेल तर ती झोपलेली. मला आवडलेली गोष्ट ही की हिच्या गाठीतले जिवाणू आणि भाजीच्या मेथीचे, लसूणघासाचे जिवाणू एकाच गोतातले आहेत. ज्या रानात कधी मेथी किंवा लसूणघास झाला आहे तिथे रानमेथीला वेगळं जिवाणू संवर्धन लागत नाही. हरभऱ्याचे जिवाणू मात्र हिला चालत नाहीत.

ताग आणि धैंचा खरिपात गाडायला उत्तम, त्याबद्दल कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि खरंच सांगतो. पण पावसाळ्यात आमचं रान कापसाखाली अडकलेलं असतं. रानमेथी रब्बीतल्या ओलीवर येते, खारवट, चुनखडीच्या जमिनीतही तग धरते. चोपण तुकड्यात मी ती तीन वर्षं फुलोऱ्यात कापून रोटाव्हेटरने मिसळली. मागच्या हंगामात तिथे पहिल्यांदा बाजरी आली. कणसं भरली, फार नाही, पण भरली. पांढरी खार अजून आहे. पाझर बंद झाल्याशिवाय ती जाणार नाही, हे मला कळतं. लिंबाच्या आळ्यात मी कापलेली रानमेथी पसरते, उन्हाळ्यात खालची माती ओली राहते.

ज्यांना ही पेरायची असेल त्यांनी गव्हापासून लांब पेरावी. गव्हात ती तणच आहे, मी आजही उपटते. हिचं बी गव्हात गेलं तर पिठाला तो वास लागतो आणि पोळी खाववत नाही. म्हशीला ओली फार घातली तर दुधालाही वास येतो. शेंगा झडण्याआधी कापावी, नाहीतर पुढची कितीतरी वर्षं उगवत राहते. बियाण्यापुरती एक लहान पट्टी राखावी.

आणि चाऱ्याबद्दल एक गोष्ट. ती सांगताना मला आजही त्रास होतो. चार वर्षांपूर्वी मी उंच पांढऱ्या रानमेथीचा बराच चारा कापून गंज लावली. फाल्गुनात अवकाळी पाऊस झाला. वरून ताडपत्री टाकली, पण आत ओल धरली होती आणि माझ्या ते ध्यानात आलं नाही. आतल्या पेंढ्यांवर राखाडी बुरशी चढली. जनावरं गोड वासाने खात होती, मी तीन आठवडे घालत राहिले. चैत्रात गोऱ्ह्याला वेसण घालायची म्हणून नाक टोचलं. दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या गोऱ्ह्याचं टोचतात, दोन थेंब रक्त येतं, हळद लावतात, झालं. याचं रक्त थांबेना. हळद लावली, तुरटी लावली, कापड दाबून धरलं. रात्रभर टपटप टपटप गव्हाणीत. सकाळी त्याच्या मांडीवर कातडीखाली पपईएवढी सूज आली होती आणि हिरड्या पांढऱ्याफटक. पशुवैद्यकांनी आल्याबरोबर चारा पाहायला मागितला. पेंढी हातात घेऊन त्यांनी वास घेतला, बुरशी पाहिली आणि लगेच के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं. चार दिवस दिलं. गोऱ्हा वाचला.

त्यांनी सांगितलं ते असं. रानमेथीचा गोड वास कूमारिन नावाच्या द्रव्याचा. ते तसं निरुपद्रवी. पण चारा ओला राहून बुरशी चढली की बुरशी त्याचं डायकूमारॉल करते आणि ते रक्त गोठू देत नाही. 1920च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत असंच झालं. तिथे दुष्काळी, हलक्या जमिनींसाठी ही वनस्पती चारा म्हणून मोठ्या प्रमाणावर लावली होती. ओले हंगाम आले, गंजी बुरशीने भरल्या आणि शिंगं कापली, खच्चीकरण केलं की जनावरं रक्त जाऊन मरायची. स्कोफिल्ड नावाच्या कॅनडातल्या पशुवैद्यकाने बुरशी लागलेल्या चाऱ्यावर बोट ठेवलं. 1933 साली विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन मॅडिसनच्या विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. तिथे 1939 साली ते द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती लागलं. त्यातूनच पुढे वॉरफरिन निघालं, 1948 साली आधी उंदरांचं औषध म्हणून, आणि काही वर्षांनी माणसाचं रक्त पातळ ठेवणारी गोळी म्हणून.

माझ्या थोरल्या भावाच्या हृदयाची झडप बदलली तेव्हापासून तो रोज रात्री हीच गोळी घेतो. पशुवैद्यक हे सांगत होते तेव्हा मी गव्हाणीजवळ बसले होते आणि हातात तीच पेंढी होती. एका बाजूला माझा गोऱ्हा मरणाच्या दारात, दुसऱ्या बाजूला माझा भाऊ त्याच औषधावर जगतो आहे. त्या दिवशी मी ती सगळी गंज उकिरड्यात टाकली. आता रानमेथी खडखडीत वाळल्याशिवाय एक पेंढीही बांधत नाही, आणि बुरशीचा नुसता संशय आला तरी जनावरापुढे टाकत नाही. वाचकांनीही टाकू नये. टोचणं, खच्चीकरण, शिंग काढणं अशा वेळी तर आधीचे काही आठवडे चाऱ्यात ही नकोच.

हे सगळं असूनही मी तिची बाजू घेते आहे. दोष चाऱ्याच्या साठवणीत होता, आणि ती साठवण माझी होती.

गेल्या वर्षी पौषात आमच्या पाटचारीच्या भरावावर ठेकेदाराच्या माणसांनी तणनाशक मारलं. कुणी सांगितलं, कशासाठी, विचारून उत्तर मिळालं नाही. झुडपं काढायची होती म्हणे. भरावावरची पिवळीधमक रानमेथी चार दिवसांत जळून तांबडी झाली. पाचव्या दिवशी मी तिथून गेले तेव्हा बोरीच्या फांदीवरचं फुलोरीचं पोळं रिकामं होतं. तळहाताएवढं, पांढरं मेण, एकही माशी नाही. ते मी काढून घरी आणलं, अजून फडताळात आहे. त्या बाजूच्या शेजाऱ्याचे डोंगळे यंदा माझ्यापेक्षा हलके भरले. तणनाशकानेच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण भरावावर कुणाचं पीक नसतं. तिथली झुडपं कोयत्याने निघतात. पाण्याचं आवर्तन सुटायच्या आधी, आश्विनात काढली तर पौषातल्या फुलांना धक्का लागत नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे. शेती पानावर रानमेथीबद्दल पुन्हा लिहाल तेव्हा गव्हातली आणि बांधावरची वेगळी करून लिहा. भरावांची साफसफाई ज्यांच्या हाती आहे त्यांच्यापर्यंत हे पत्र पोचलं तर पौष ते फाल्गुन फवारणी थांबवावी. कृषी विभागाने ताग-धैंच्याच्या पाकिटांबरोबर रानमेथीचं बी द्यायला सुरुवात केली तर डोंगळेवाल्यांना आणि चोपण जमीनवाल्यांना ते हवंच आहे.

माझ्याकडे यंदा पायलीभर बी आहे. अर्धं वाळूत रगडून ठेवलं आहे. काल वाफसा पाहिला, अजून दोन दिवस लागतील. ज्या शेजाऱ्याने पाटावर उभं राहून मला विचारलं होतं, तो सकाळी आला आणि दोन मुठी बी फडक्यात बांधून घेऊन गेला.

आपली,
डोंगळे लावणारी एक शेतकरी,
भडगाव तालुका, जिल्हा जळगाव